आकडा हाताने टाकायचा नाही

बस समोर. मसुदा उघड आणि कलम १४ मोठ्याने वाच. "संक्रमण काळातील भाडे थकल्यास विकासकाने कलम १७.२ मध्ये नमूद केलेल्या दराने सभासदास नुकसानभरपाई द्यावी." आता कलम १७.२ काढ. काय आहे तिथे? नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, रजिस्टर्ड पोस्टाने की ईमेलने, ते. नुकसानभरपाईचा दर कुठे गेला? तो १६.२ मध्ये आहे. तू कलम ११, म्हणजे पार्किंगचं कलम, काढलंस. त्याखालची सगळी कलमं एकेक आकडा वर सरकली. आणि कलम १४ च्या पोटातला तो '१७.२' तू हाताने टाकलेला असल्यामुळे जागचा हलला नाही.

असे आणखी किती आहेत, ते मी सांगणार नाही. ते तूच शोधायचेस. पण तू हा मसुदा "फायनल" असं नाव देऊन विकासकाच्या वकिलाकडेही पाठवलास, ते नाव मला खटकलं. शीर्षकं ठळक केलीस, समासाची रुंदी सारखी केलीस, पहिल्या पानावर चौकट काढलीस. एक तरी संदर्भ उलगडून पाहिलास का? याला आमच्याकडे पाट्या टाकणं म्हणतात, आणि करारनाम्यात पाट्या टाकलेल्या मला चालत नाहीत.

कोणासाठी आहे हा कागद, याचा विचार कर. इमारत जुनी झाली, तिचा पुनर्विकास होणार म्हणून सोसायटीची माणसं आपलं राहतं घर रिकामं करून देणार आहेत. दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, ती दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणार. त्यांत निवृत्त माणसं आहेत, एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. विकासकाने भाडं थकवलं तर त्यांच्या हातात घर नसतं, चावी नसते, असतो तो हा करारनामा. तो घेऊन ती वकिलाकडे जातील आणि समोरच्या बाजूचा वकील कलम १७.२ वर बोट ठेवून विचारेल, यात दर कुठे आहे? न्यायालय किंवा लवाद शेवटी हेतू पाहील, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या 'शेवटी'पर्यंत पोचायला जो काळ आणि जो पैसा जातो तो त्या माणसांचा जातो, तुझा नाही.

आणि हा दस्त नोंदवायचा असतो, हेही विसरू नकोस. दुय्यम निबंधकांकडे एकदा नोंदला गेला की तुला संगणकावर बसून तो आकडा बदलता येत नाही. चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, सगळ्या सह्या पुन्हा, सगळे पक्षकार पुन्हा त्या कार्यालयात हजर. तोवर विकासकाचं आणि सोसायटीचं बिनसलेलं असेल तर चूक दुरुस्त करायला तो कशाला येईल? त्या चुकीचा फायदा त्यालाच मिळतो.

तू मला सांगितलंस की पार्किंगचं कलम काढायचा निरोप संध्याकाळी उशिरा आला. येणारच. त्यासाठीच तर ते ऐच्छिक कलम आहे. ज्या सोसायटीला पार्किंग आहे तिथे ते राहतं, जिथे नाही तिथे जातं. कॉर्पस फंड कुठे मिळतो, कुठे नाही. बँक गॅरंटी, वाढीव क्षेत्राची विक्री, दुकानदार सभासदांच्या वेगळ्या अटी, या सगळ्या गोष्टी प्रत्येक करारात बदलतात. आपला साचा पहिल्या दिवसापासून याच गृहीतावर उभा आहे. कलम निघणार हे माहीत असताना ते निघाल्यावर काय कोसळेल याची तजवीज तू केली नाहीस. उशिरा आलेल्या निरोपावर खापर फोडू नकोस.

"वर्डच असं करतं" हे दुसरं कारणही माझ्यापुढे सांगू नकोस. वर्डने काही केलेलं नाही. वर्डला तू काही सांगितलंच नव्हतंस.

नीट ऐक. कलमाचा आकडा हा मजकूर नसतो. ते कलम दस्तात कितव्या जागी आहे याचं ते उत्तर असतं, आणि जागा बदलली की उत्तर बदलतं. म्हणून तो आकडा कळफलकावरून टाकायचाच नाही. प्रत्येक मुख्य कलमाला 'हेडिंग १' ही स्टाइल, पोटकलमाला 'हेडिंग २', त्याखाली 'हेडिंग ३'. मग मल्टिलेव्हल लिस्टमध्ये जाऊन नवी यादी ठरवायची आणि तिची प्रत्येक पातळी त्या त्या स्टाइलशी बांधायची. 'लिंक लेव्हल टू स्टाइल' असा पर्याय तिथे आहे. 'मोअर' दाबल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून अर्ध्या लोकांना तो माहीत नाही. हे बांधकाम साच्यात एकदाच करायचं. त्यानंतर यादीच्या बटणाला हात लावायचा नाही, फक्त स्टाइल लावायची. कोणी दुसऱ्या करारातून कलम उचलून इथे चिकटवलं तर ते आपली जुनी यादी बरोबर घेऊन येतं आणि मध्येच पुन्हा १ पासून सुरू होतं. म्हणून चिकटवताना फक्त मजकूर घ्यायचा, 'कीप टेक्स्ट ओन्ली', आणि मग आपली स्टाइल द्यायची. एवढं तू केलं होतंस, हे मी पाहिलं. तुझी शीर्षकं आपोआप सरकली ती त्यामुळेच.

पण निम्म्यावर थांबलास. कलमांचे आकडे यंत्राच्या हाती दिलेस आणि त्या कलमांकडे बोट दाखवणारे आकडे स्वतःच्या हाती ठेवलेस. यापेक्षा सगळंच हाताने केलं असतंस तर बरं झालं असतं, कारण मग काहीच हललं नसतं. अर्धं हलतं आणि अर्धं हलत नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था.

संदर्भ द्यायचा असेल तेव्हा 'रेफरन्सेस' टॅबमधलं 'क्रॉस-रेफरन्स' उघडायचं, 'नंबर्ड आयटम' निवडायचं, आणि यादीतून कलम उचलायचं. वर्ड त्या कलमाभोवती एक लपलेला बुकमार्क लावतं, आणि तुझ्या वाक्यात त्या बुकमार्ककडे पाहणारं एक फील्ड ठेवतं. कलम कुठेही गेलं तरी बुकमार्क त्याच्याबरोबर जातो. फील्ड ताजं केलं की नवा आकडा येतो. हे न समजता नुसती बटणं दाबणारे पुढे अडकतात, म्हणून तीन गोष्टी इथेच सांगते.

त्या खिडकीत आकडा तीन रूपांत मिळतो: पॅराग्राफ नंबर, नो काँटेक्स्ट, फुल काँटेक्स्ट. ९.२ खाली (क), (ख) असे खंड आहेत असं धर. पहिलं रूप आजूबाजूला पाहून ठरवतं: तू त्याच ९.२ मध्ये बसून (ख) कडे बोट दाखवलंस तर नुसतं "(ख)" येईल, दुसऱ्या कलमातून दाखवलंस तर "९.२(ख)". दुसरं रूप कुठूनही नुसतं "(ख)" देतं. तिसरं नेहमी पूर्ण पत्ता देतं. करारनाम्यात तिसरंच घ्यायचं, प्रत्येक वेळी. परिच्छेद उद्या कुठे जाईल हे तुला आज माहीत नसतं, आणि "खंड (ख)" एवढंच लिहिलेलं वाक्य परक्या कलमात जाऊन पडलं की कोणता (ख) हे देवालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट. एखाद्या कलमाच्या आधी नवं कलम घालायचं असेल तर जुन्या कलमाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर मारू नकोस. बुकमार्कचं तोंड त्या जागी असतं, ते नव्या कलमाला चिकटून राहतं आणि सगळे संदर्भ भलतीकडे पाहू लागतात. त्याच्या आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जा, तिथे एंटर मार, मग स्टाइल लाव.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: फील्ड आपणहून ताजं होत नाही. तू कलम काढलंस तरी संदर्भ जुनाच आकडा दाखवत बसतो. कंट्रोल-ए आणि मग एफ९ दाबल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही; लॅपटॉपवर काही वेळा एफएन धरून एफ९. आणि कंट्रोल-ए मध्ये तळटीपा, पानावरचा मथळा, पानाखालची ओळ, मजकुराच्या चौकटी येत नाहीत. तिथे वेगळं जाऊन ताजं करावं लागतं. 'फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले' मध्ये छपाईपूर्वी फील्ड ताजी करण्याची खूण आहे, ती करून ठेव, पण तिच्या भरवशावर झोपू नकोस.

आता ताजं केल्यावर काय होतं ते. ज्या कलमाकडे संदर्भ पाहत होता ते कलमच पुसलेलं असेल, तर त्या जागी इंग्रजीत ठळक अक्षरांत छापून येतं: "एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड." मराठी करारनाम्याच्या मधोमध. मला हे वाक्य नोंदलेल्या दस्तात छापलेलं दिसलं आहे, खाली सह्या आणि अंगठ्यांसकट. तुझ्यासारखे लोक त्या वाक्याला घाबरतात आणि ते पुसून जागेवर हाताने आकडा टाकतात. तसं करणाऱ्याला मी माझ्या वर्गात ठेवत नाही. ते वाक्य हा तुझ्यावर झालेला उपकार असतो. ते ओरडून सांगतं की या वाक्याचा आधार गेला, हे वाक्य आता पुन्हा विचारात घे. तू त्याचं तोंड दाबतोस आणि आधार नसलेलं वाक्य तसंच उभं ठेवतोस.

इथे खरा मुद्दा येतो, आणि तो वर्डचा नाही, तुझ्या डोक्याचा आहे. कायम राहणाऱ्या कलमाने ऐच्छिक कलमावर भार टाकायचा नाही. ऐच्छिक कलमाने कायमच्या कलमाकडे खुशाल बोट दाखवावं, कारण ते गेलं तर त्याचं बोटही त्याच्याबरोबर जातं. उलट दिशेने मात्र जपायचं. इमारतीचा स्लॅब परांचीवर टेकवून कोणी घर बांधत नाही. परांची उतरणार हे सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या मसुद्यात ताबा देण्याचं कलम, जे प्रत्येक करारात असतंच, ते "कलम ११ ला अधीन राहून" या शब्दांनी सुरू होतं. कलम ११ म्हणजे पार्किंग. ते गेल्यावर ताबा कशाला अधीन राहिला? सध्याच्या कलम ११ ला, म्हणजे सोसायटीच्या इतिवृत्तांच्या प्रती द्यायच्या अटीला. वाचून पाहा. एका वाक्याने तू सभासदांचा ताबा कागदपत्रांच्या प्रतींवर टांगून ठेवलास.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ज्याला नाव देता येतं त्याला आकडा देऊ नकोस. "संक्रमण भाडे" याची व्याख्या पहिल्या कलमात कर आणि पुढे सगळीकडे "संक्रमण भाडे" एवढंच म्हण. "कलम १३.१ मध्ये नमूद केलेले भाडे" असं दहा ठिकाणी लिहायची गरज काय होती? दहा संदर्भ म्हणजे दहा तुटण्याच्या जागा. उरलेले जे संदर्भ खरोखर लागतात, त्यांतले ऐच्छिक कलमाकडे जाणारे शोध आणि त्यांचे शब्द त्या कलमाच्याच गाठोड्यात बांध. "कलम ११ ला अधीन राहून" हे चार शब्द पार्किंगच्या कलमाचाच भाग आहेत, फक्त ते दुसऱ्या पानावर राहतात. पार्किंग गेलं की तेही गेले पाहिजेत. आणि वाक्य असं रच की ते शब्द काढल्यावर उरलेलं वाक्य मराठीत धड उभं राहील. क्रियापद लोंबकळता कामा नये.

असे चार-सहा शब्द ठेवायला 'इफ' फील्ड उत्तम. फाइलच्या गुणधर्मांमध्ये पार्किंग या नावाने होय किंवा नाही लिहायचं, आणि इफ-फील्डने ते पाहून शब्द दाखवायचे किंवा गाळायचे. पण अख्खं क्रमांकित कलम इफच्या पोटात कोंबायला जाशील तर सांभाळून. फील्डचा शेवटचा कंस ज्या परिच्छेदात आहे त्याची खूण बाहेर राहिली, तर कलम गेल्यावरही तिथे एक रिकामा परिच्छेद उरतो, आणि त्याला क्रमांक असतो. "११." आणि पुढे काहीच नाही. परिच्छेदाची खूण कंसाच्या आत घ्यावी लागते आणि पुढचं कलम कंसाला चिकटून सुरू करावं लागतं. हे ज्याला नीट येत नाही त्याने मोठ्या कलमासाठी साधा रस्ता घ्यावा: ऐच्छिक कलमाभोवती नाव दिलेला बुकमार्क लावायचा, कंट्रोल-जी ने त्या नावावर जायचं, पूर्ण भाग निवडला जातो, पुसायचा. बुकमार्कच्या नावात मोकळी जागा चालत नाही, तेवढं लक्षात ठेव. जे लिब्रेऑफिस वापरतात त्यांना तिथे सेक्शनलाच अट लावून तो लपवता येतो. विचार मात्र हाच करावा लागतो.

लपवण्यावरून आठवलं. मागच्या एका करारनाम्याच्या मसुद्यात तू नको असलेलं कलम 'हिडन' करून ठेवलं होतंस. पडद्यावर दिसत नव्हतं म्हणून तुला वाटलं गेलं. ती फाइल तू विकासकाच्या वकिलाला पाठवलीस. परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण एकदा दाबलं की लपलेलं सगळं समोर येतं. बँक गॅरंटीची कोणती रक्कम सोसायटीने आधी मागायची ठरवली होती आणि मग सोडून दिली, हे त्याने चहा पिता पिता वाचलं असेल. आपल्या अशिलाचं गुपित तू स्वतःच्या हाताने दिलंस. 'हिडन' हे साचा तयार करणाऱ्याच्या टेबलावर ठेवायचं हत्यार आहे. बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये ते असताच कामा नये. 'इन्फो' मधल्या 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' ने फाइल तपासून लपलेला मजकूर काढून टाकल्याशिवाय यापुढे एकही फाइल बाहेर जाणार नाही. ट्रॅक चेंजेसचंही तेच. त्यात पुसलेलं कलम पुसलेलं नसतं, बदल स्वीकारेपर्यंत ते फाइलमध्ये बसलेलं असतं. आकडे शेवटचे कोणते, हे बदल स्वीकारून, फील्ड ताजी करून, मगच बघायचं.

आता तू विचारशील, आकडे आपोआप सरकू द्यायचे तर कधीपर्यंत? हा प्रश्न तू विचारायला हवा होतास, म्हणून उत्तर देते. मसुदा आपल्या खोलीत असेपर्यंत. समोरच्या बाजूला पहिला मसुदा गेला की आकडे गोठवायचे. का? कारण त्यानंतर त्यांची ईमेल येते, "कलम १३.३ आम्हाला मान्य नाही." सोसायटीच्या सभेत ठराव होतो, त्यात कलमाचा आकडा येतो. वास्तुविशारद आपल्या टिपणात तोच आकडा लिहितो. तू मधलं एक कलम काढून बाकीची वर सरकवलीस की तुझ्या फाइलमधले संदर्भ यंत्र सुधारेल. त्या ईमेलमधले, ठरावातले, टिपणातले कोण सुधारणार?

कायदेमंडळं हे जाणतात. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतला अनुच्छेद ३१ वगळला. मग ३२ चा ३१ केला का? नाही. ३१ ची जागा रिकामी राहिली, 'वगळला' अशी नोंद ठेवून. मालमत्तेचा हक्क वेगळ्या जागी, ३००क म्हणून गेला. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला तो २१क म्हणून, २१ आणि २२ च्या मध्ये, कोणालाही न हलवता. कारण त्या आकड्यांवर न्यायनिर्णय उभे होते, दुसरे कायदे उभे होते. आणि आकडे बदलले की काय होतं ते तू स्वतः पाहिलं आहेस. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाच्या शिक्षेचं ३०२ हे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८ मध्ये गेलं. वकील, पोलीस, पत्रकार, सगळे तक्ते घेऊन बसले. तरी तिथे एक आधार आहे. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम ८ सांगतं की जुना कायदा रद्द होऊन त्याची तरतूद नव्याने आली, तर जुन्या तरतुदीचा उल्लेख नव्या तरतुदीचा उल्लेख समजावा. तुझ्या करारनाम्याला असं कलम ८ नाही. तुझ्या चुकीच्या आकड्याला सावरून घेणारा कोणी नाही.

म्हणून मसुदा बाहेर गेल्यावर कलम काढायचं झालं तर शीर्षक ठेव, क्रमांक ठेव, आणि मजकुराच्या जागी लिही: "हे कलम वगळले आहे." सह्यांच्या प्रतीतही तसंच राहू दे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, समंजस मसुदाकार असंच करतात. पण एक धोका ओळखून ठेव. आता ते शीर्षक जिवंत असल्यामुळे एरर येणार नाही. संदर्भ बरोबर कलम ११ दाखवेल आणि कलम ११ मध्ये काही नसेल. यंत्र गप्प बसेल. तेव्हा कोणाकोणाचं बोट त्या कलमाकडे आहे, हे तुलाच शोधावं लागेल.

आणि खंडांची अक्षरं. तुझ्या मसुद्यात कलम ६ खाली (अ), (ब), (क), (ड) आहे आणि कलम ९ खाली (क), (ख), (ग), (घ). मग परिशिष्टात "खंड (क)" म्हणजे पहिला की तिसरा? हा घोळ तू निर्माण केला नाहीस, तो महाराष्ट्रभर आहे. जमीन महसूल संहितेचं ४२-क म्हणजे ४२-अ पासून मोजलं तर तिसरं, आणि घटनेतला २१क म्हणजे २१ नंतरचा पहिला. दोन्ही पद्धती सरकारी कागदांत नांदतात. पण एका दस्तात दोन्ही नांदता कामा नयेत. क, ख, ग ही मालिका आणि देवनागरी अंक वर्डमध्ये हिंदीच्या नावाखाली मिळतात. अ, ब, क, ड ही मालिका त्या यादीत नाही. म्हणूनच लोक ती हाताने टाकतात, आणि हाताने टाकली की त्या खंडांकडे 'नंबर्ड आयटम' म्हणून क्रॉस-रेफरन्स लावताच येत नाही. माझं मत विचारशील तर तिसऱ्या पातळीलाही अंकच ठेव, ९.२.१, ९.२.२. वाचायला रुक्ष वाटेल. वाटू दे. सभासदांच्या समितीत बसलेल्या माणसाला फोनवर "नऊ पॉइंट दोन पॉइंट एक" सांगता येतं आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

तपासायची रीत आता दाखवते, पुन्हा दाखवणार नाही. ऑल्ट-एफ९ दाब. बघ, जिथे जिथे खरा क्रॉस-रेफरन्स आहे तिथे आकड्याऐवजी कंसातला कोड दिसायला लागला. आता शोध-खिडकीत "कलम" टाक आणि एकेक उल्लेख पाहत जा. ज्या "कलम"पुढे अजूनही उघडा आकडा दिसतो, तो हाताने टाकलेला आहे. त्यातले काही रास्त असतील, सहकारी संस्था अधिनियमाचं कलम वगैरे, ते बाहेरच्या कायद्याचे आहेत, ते हातानेच टाकायचे. बाकी सगळे काढायचे आणि फील्डने भरायचे. मग ऑल्ट-एफ९ पुन्हा, कंट्रोल-ए, एफ९, तळटीपा वेगळ्या. मग "एरर!" हा शब्द इंग्रजीत शोधायचा. त्यानंतर, आणि हे कोणतंही यंत्र करणार नाही, प्रत्येक संदर्भावर कंट्रोल धरून क्लिक कर, त्या कलमात जा, आणि वाच की हे वाक्य ज्याच्याबद्दल बोलतंय तेच तिथे आहे का. सगळे. कंटाळा आला तरी सगळे. क्रॉस-रेफरन्स आकडा बरोबर ठेवतो. तू मुळात चुकीचं कलम निवडलं असशील तर तो चुकीचं कलमही तितक्याच इमानाने सांभाळतो.

'ऑप्शन्स' मध्ये 'ॲडव्हान्स्ड' खाली 'फील्ड शेडिंग' आहे, ते 'ऑल्वेज' कर. फील्ड करड्या रंगात दिसतील आणि कोणी हाताने टाकलेला आकडा पांढरा उठून दिसेल. छापताना तो रंग येत नाही. पीडीएफ काढलीस तरी मूळ फाइल जिवंत ठेव. आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ९ ला हात लावू नकोस. एफ९ दाबताना बोट घसरलं तर तेच दाबलं जातं, आणि निवडलेल्या भागातली सगळी फील्ड मेलेल्या मजकुरात बदलतात. लगेच लक्षात आलं तर पूर्ववत करता येतं. फाइल बंद केल्यावर नाही.

तुझ्याकडे डोकं नाही म्हणून मी रागावलेली नाही. भाषा तुझी स्वच्छ आहे, व्याख्यांचं कलम तू चांगलं बांधलंस, सभासदांच्या हक्कांची वाक्यं माझ्या जुन्या साच्यापेक्षा सरस आहेत. तेच वाक्य चुकीच्या कलमाकडे बोट दाखवून फुकट जातं, याचा मला संताप येतो.

हा मसुदा आत्ता दुरुस्त करायला बसू नकोस. आधी संगणक बंद कर आणि एक मोठा कागद घे. डावीकडे साच्यातली सगळी ऐच्छिक कलमं लिही, आकड्याने नाही, नावाने: पार्किंग, कॉर्पस फंड, बँक गॅरंटी, वाढीव क्षेत्र, दुकानं. प्रत्येकासमोर लिही, याच्याकडे कोणकोणती कलमं बोट दाखवतात. मग तिसऱ्या रकान्यात, हे गेलं तर त्या प्रत्येक वाक्याचं काय करायचं: शब्द गाळायचे, दुसरा आधार द्यायचा, की ते वाक्यच काढायचं. जिथे तिसरा रकाना भरता येणार नाही, तिथे साच्यातलं वाक्य चुकलेलं आहे असं समज आणि लाल खूण कर. तो कागद उद्या सकाळी माझ्या टेबलावर हवा, त्यानंतर वर्ड उघडायचं. विकासकाच्या वकिलाला मी फोन करून सांगते की आलेला मसुदा वाचू नका, सुधारलेला येतो आहे.